डॉक्टर निवडताना मुलाखत असावी का? वॉर्डातून विचारतेय

वॉर्डातली सिस्टर:

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात सर्जरीच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे, सव्वीस वर्षं झाली. डोंबिवलीहून येऊन-जाऊन करते. हा प्रश्न बरेच दिवस मनात होता, परवा जे झालं त्यानंतर राहवलं नाही.

ईव्हिनिंगला होते. चौदा नंबर बेडवर साठीचे एक आजोबा, जुनी शुगर, पायाला गँगरीन. गुडघ्याखालून पाय काढायचं ठरलं होतं. आजोबा तापात, ग्लानीत. शेजारी फक्त आजी. रजिस्ट्रार डॉक्टर ओटीत अडकलेले, म्हणून संमतीपत्रावर सही घ्यायला इंटर्नला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, पाठवलं. मुलगा हुशार आहे, राऊंडला सरांनी काहीही विचारलं तरी उत्तर तयार असतं. त्याने उभ्याउभ्याच फॉर्म पुढे केला. "आजी, पाय काढावा लागेल, इथे अंगठा द्या." आजींनी दिला. बोटाची शाई पुसायला मी कापूस दिला, तर माझ्याकडे वाकून हळूच विचारतात, "सिस्टर, काढल्यावर परत कधी बसवतात?"

मला काही सुचेना. तो मुलगा तोवर पुढच्या बेडवर गेला होता.

त्याच बॅचमधला दुसरा एक इंटर्न तिथे ड्रेसिंग करत होता. हा मुलगा बोलताना अडखळतो. 'प' आणि 'क'वर जीभ अडते, राऊंडला नाव पुकारलं की कान लाल होतात. आजींचा प्रश्न त्याच्या कानावर गेला असावा. हात धुऊन आला, स्टूल ओढलं, आजींच्या डोळ्यांच्या उंचीला बसला आणि एक्स-रेच्या पाकिटाच्या मागे पेनाने पायाचं चित्र काढलं. काळं पडलेलं कुठपर्यंत आहे, विष वर कसं चढतं, कुठून कापणार, जखम भरायला किती दिवस, मग जयपूर फूट कसा बसवतात, सगळं चित्रावर बोट ठेवून सांगितलं. शब्द अडला की थांबायचा, आजी थांबायच्या. वीस मिनिटं गेली. आजी रडल्या, मग त्यांनीच चार प्रश्न विचारले. मग त्याने आधीचा फॉर्म बाजूला ठेवून नवा भरला आणि म्हणाला, "आता द्या अंगठा, पटलं असेल तर."

तर माझा प्रश्न. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला १८० प्रश्न, ७२० गुण, गोळे काळे केले की झालं. डॉक्टर का व्हायचंय, हे मुलाला कुणी एकदाही विचारत नाही. आमच्या जुन्या मेट्रन वेल्लोरच्या सीएमसीत, ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, शिकलेल्या. त्या सांगायच्या, तिथे एमबीबीएसच्या मुलांना प्रवेशाआधी दोन-तीन दिवस ठेवून घेत, मुलाखती घेत, गटात कामं देऊन बघत. मला ते फार पटायचं.

पण परवापासून मन दोन्हीकडे ओढतंय. मुलाखत ठेवली असती तर पहिला मुलगा झोकात पास झाला असता. इंग्रजी छान, नजरेला नजर देतो. दुसरा दुसऱ्या मिनिटाला बाहेर. मग मी मागतेय ते काय मागतेय?

हेही सांगून टाकते. माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिला डॉक्टर व्हायचंय, आणि घरी पाहुणे आले की ती आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. म्हणून मी तटस्थ नाही. ज्यांनी मुलाखती घेतल्यात किंवा दिल्यात त्यांनी खरं काय ते सांगा.

दादरकर:

ताई, हात जोडून सांगतो, नको. मुलीच्या नीटच्या दोन वर्षांत पीएफमधून पैसे काढलेत. उद्या मुलाखत आली की परवा आमच्या गल्लीत 'मेडिकल मुलाखत तयारी'चे बोर्ड लागतील. स्पर्धा परीक्षांच्या मॉक मुलाखतींचे लागलेच आहेत. मराठी शाळेतून आलेली मुलगी पॅनेलसमोर इंग्रजीत काय बोलणार? गोळे काळे करताना तिचं आडनाव, तिचे कपडे कुणाला दिसत नाहीत. एवढी एकच जागा उरली आहे तिच्यासाठी.

निवृत्त मास्तर:

सिस्टर, मी एकतीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. तुमचे हे दोन्ही मुलगे दर बॅचला माझ्यासमोर बसलेले असायचे.

नव्वदच्या दशकात एका खासगी कॉलेजच्या मुलाखतींना बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. नाव घेत नाही. दिवसाला साठ-सत्तर मुलं, एकेकाला पाच मिनिटं. टेबलावर नावांची यादी, त्यातल्या काही नावांपुढे पेन्सिलीने बारीक टिंब. विचारलं तर क्लार्क म्हणाला, "सर, ते आमचं आतलं आहे." तो प्रकार वेगळा, त्यावर काय बोलायचं. पण रात्री घरी आल्यावर मी स्वतःच्या गुणांची नक्कल काढून बसलो. जेवणानंतर आलेल्या मुलांना मी सरसकट कमी गुण दिले होते. तिथे टिंब नव्हतं, कुणाचा फोन नव्हता. मी दमलो होतो, इतकंच. त्या दुपारच्या मुलांचं मला अजून वाईट वाटतं. पुन्हा कधी गेलो नाही.

पुढे वाचनात अमेरिकेतलं एक उदाहरण आलं ते सांगतो. ह्यूस्टनच्या टेक्सास विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने १९७९ साली सुमारे ८०० मुलांच्या मुलाखती घेऊन क्रम लावला आणि वरच्यांतून १५० घेतली. मग राज्याच्या विधिमंडळाने जागा ५०ने वाढवायला लावल्या. तोवर वरची मुलं इतरत्र गेलेली, म्हणून तळाच्या शंभरांतून ५० घ्यावी लागली. एरवी नाकारलेलीच मुलं ही. पुढे दोन्ही गटांची तुलना करून १९८७ साली छापली. शिक्षण संपताना आणि त्यानंतरच्या पहिल्या वर्षातही दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे एवढा खटाटोप करून पॅनेलला जे दिसलं, त्याचा पुढच्या डॉक्टरकीशी संबंध लागला नाही.

म्हणून मुलाखत सोडूनच द्यावी असं मात्र मी म्हणत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने याच शतकाच्या सुरुवातीला वेगळी रीत काढली. एका पॅनेलसमोर अर्धा तास बसवण्याऐवजी दहाएक खोल्या, प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक, आठ मिनिटं. दारावर एक प्रसंग लिहिलेला असतो, तो वाचायला दोन मिनिटं. आपल्याकडे ओएससीई घेतात ना, मुलांना टेबलाटेबलांवर फिरवून घ्यायची प्रात्यक्षिक परीक्षा, तिच्यावरूनच हे सुचलेलं आहे. एका खोलीत माझ्यासारखा जेवून सुस्तावलेला परीक्षक असला तरी उरलेल्या नऊ खोल्या मुलाला तारतात. तुमच्या दुसऱ्या मुलाला एखाद्या खोलीत कागद-पेन मिळालं असतं तर त्याने काय केलं असतं, ते तुम्ही पाहिलंच आहे.

पण आपल्या आकड्यांत हे बसवून पाहा. २०२४ साली नीटला २३ लाखांवर मुलं बसली. जागा एक लाखाच्या वर. तीन लाखांनाच बोलवायचं म्हटलं आणि दहा खोल्यांच्या एका फेरीतून दिवसाला ४० मुलं काढली, तरी अशा ७,५०० दिवसभराच्या फेऱ्या लागतात, प्रत्येक फेरीला दहा परीक्षक. ज्या कॉलेजांत शिकवायलाच माणसं पुरत नाहीत, तिथून हे परीक्षक कुठून आणायचे?

माझा जीव शिकवण्यात अडकलाय. २०१९च्या बॅचपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'एटकॉम' आलंय: वृत्ती, नीती आणि संवाद. वाईट बातमी कशी सांगावी, संमती कशी घ्यावी, हे त्यात रीतसर आहे. पण दीडशे-दोनशे मुलांच्या हॉलमध्ये स्लाईड दाखवून ते झालं असं धरतात. तुमच्या पहिल्या मुलाला संमती घेताना शेजारी उभं राहून कुणी कधी बघितलंय का, एवढं मला सांगा.

फोर्टातला वकील:

मास्तरांनी व्यवहार सांगितला, मी कायद्याचं सांगतो.

१९६४ साली म्हैसूर राज्याच्या चित्रलेखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी मुलाखतीचे गुण धरायला हरकत घेतली नव्हती. तिथे ते ऐच्छिक विषयांच्या कमाल गुणांच्या २५ टक्के होते. पुढे श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा अजय हासिया खटला आला. तिथे लेखी १०० आणि मुलाखत ५०. मुलांचं म्हणणं, मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्या आणि प्रश्न वडील कोण, राहता कुठे असले. न्यायालयाने सांगितलं की मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त वजन देणं मनमानी ठरेल. शक्य तर मुलाखत टेपवर घ्यावी, असंही सुचवलं. मूळ निकालपत्र वाचा, लेखीत चांगले गुण मिळवलेली मुलं मुलाखतीत कशी खाली ढकलली गेली ते त्यात आहे.

वेल्लोरबद्दल: नीट लागू झाल्यावर सीएमसीने आपली पद्धत सोडायला नकार दिला होता. २०१७ साली त्यांनी एमबीबीएसच्या शंभर जागांपैकी एकच भरली. शेवटी एप्रिल २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक आणि विनाअनुदानित संस्थांनाही नीट बंधनकारक असल्याचं सांगितलं. आपल्या मेट्रनबाईंची ती जुनी पद्धत तिथेही आता उरलेली नाही.

चाळीतला फौजी डॉक्टर:

मी मुलाखत देऊन डॉक्टर झालेला माणूस. पुण्याच्या एएफएमसीत, सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात. आमच्या वेळी त्यांची स्वतःची लेखी परीक्षा होती, मग मुलाखत. आता नीटचे गुण घेतात, पण त्यावर इंग्रजी आणि तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी आहेच.

मी कुर्ल्याच्या चाळीतला. वडील बेस्टमध्ये कंडक्टर. समोर वर्दीतले अधिकारी बसलेले, माझं इंग्रजी पुस्तकी. एकांनी विचारलं, घरात पाणी कधी येतं. मी म्हटलं, पहाटे साडेचारला, पाऊण तास, सोळा खोल्यांना दोन नळ. मग कसं भरता? मी सांगत गेलो. बाळंतीण असलेल्या घराचा हंडा आधी, म्हातारी एकटी असेल तर तिचं आम्ही मुलं भरून देतो, भांडण झालं तर कोण मिटवतं. बहुतेक सगळा वेळ त्या नळावरच गेला. निघालो तेव्हा पाठ ताठ होती.

त्यामुळे मुलाखतीत गरिबाचं पोर मार खातंच असं मला म्हणवत नाही. विचारणारा कोण, त्यावर आहे. पण माझ्याआधी आत गेलेला कल्याणचा मुलगा मला अजून आठवतो. बाहेर बाकावर त्याने मला पाण्याची बाटली दिली होती, माझे हात थरथरत होते म्हणून. त्याचं नाव यादीत आलं नाही. पुढे तो दुसऱ्या कॉलेजातून एमबीबीएस झाला, आज जव्हारकडे सरकारी नोकरीत आहे, साप चावलेली माणसं रात्री-अपरात्री वाचवतो. ती बाटली आतल्या कुणाला दिसली नव्हती.

फौजेला मुलाखत लागते, कारण पुढे बाँडची नोकरी आहे आणि जागा दीडशेच्या घरात. तेच देशभर ओढता येईल असं वाटत नाही.

वॉर्डातली सिस्टर:

सगळ्यांचे आभार. दोनदा वाचलं, एकदा जाताना लोकलमध्ये, एकदा आत्ता.

मास्तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. त्या मुलाला संमती घेताना कुणी बघितलेलं नाही. मीसुद्धा नाही. आमच्याकडे इंटर्न येतो तो कामाला आलेला असतो, त्याचं बोलणं ऐकायला कुणाला वेळ आहे? पण मी त्याच वॉर्डात असते. आज त्याला सांगितलं, पुढची संमती घेशील तेव्हा मला हाक मार, मी बाजूला उभी राहते. जरा चपापला, पण हो म्हणाला. आजींनी विचारलेला प्रश्नही सांगितला. त्याला खरंच माहीत नव्हतं. बराच वेळ गप्प होता, मग चौदा नंबरला जाऊन आला.

आणि दुसऱ्याला विचारलं, चित्र काढून सांगायचं कुठे शिकलास. म्हणाला, घरी आजीला ऐकू येत नव्हतं आणि याचं बोलणं अडायचं, म्हणून दोघं पाटीवर काढून बोलायचे. मुलाखतीत हे त्याच्याकडून कुणी कसं काढून घेतलं असतं, मला खरंच कळत नाही. दहा खोल्यांतही नाही.

त्यामुळे मुलाखतीचा हट्ट मी सोडला. मुलीलाही रात्री हे सगळं वाचून दाखवणार आहे, पाण्याच्या नळाचं आधी.

वकीलसाहेब, त्या श्रीनगरच्या निकालाचं मराठीत कुठे काही असेल तर कळवा. माझी उद्यापासून नाईट आहे, सकाळी घरी आल्यावर बघते. आजोबांचं ऑपरेशन नीट झालं. ड्रेन उद्या काढतील.