जोअ‍ॅन बंद होणार का? गिफ्ट कार्ड, अस्तर, गोधडीची बॅटिंग – आता कुठून घ्यायचं?

काठपदर_क्लीव्हलंड (14 फेब्रुवारी 2025)

मंडळी, जोअ‍ॅनने परवा (12 तारखेला) अमेरिकेतल्या आपल्या कापड-शिवणसामानाच्या 800 पैकी सुमारे 500 दुकानं बंद करायचं ठरवलंय. आमच्या भागातली दोन दुकानं यादीत आहेत, एक नाही. इथल्या मंडळाचा शिवणवर्ग आहे, सगळ्याजणी नवशिक्या. एप्रिलपर्यंत प्रत्येकीचं अस्तराचं एक ब्लाउज आणि एक बाळगोधडी व्हायची आहे. प्रश्न असे:

यादीत नसलेलं दुकान तरी टिकेल का? वर्गाच्या नावाने घेतलेल्या गिफ्ट कार्डांचं काय करायचं? सेलमध्ये कोणत्या वस्तू भरून ठेवाव्यात, कोणत्या टाळाव्यात? आणि पुढे वारावर कापून मिळणारं साधं सुती कापड घ्यायचं कुठे?

---

हिशेबवही (14 फेब्रुवारी 2025)

आधी दुकानं टिकण्याचं. कंपनीने 15 जानेवारीला डेलावेअरच्या दिवाळखोरी न्यायालयात चॅप्टर 11 खाली (धंदा चालू ठेवून कर्जाची फेररचना) अर्ज केला. वर्षभरातला हा दुसरा. पहिला मार्च 2024 मध्ये झाला होता आणि तेव्हा सहा आठवड्यांत कंपनी बाहेर आली, सुमारे 50 कोटी डॉलरचं कर्ज कमी करून. एकही दुकान बंद झालं नव्हतं. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतंय की याही वेळी तसंच होईल. मला तसं वाटत नाही.

गिऱ्हाईक नाही म्हणून हे झालेलं नाही. 2011 मध्ये एका गुंतवणूक कंपनीने जोअ‍ॅन सुमारे 160 कोटी डॉलरला घेतली. अशा व्यवहारात खरेदीसाठी काढलेलं कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर बसतं. कोविडच्या काळात मास्क आणि घरबसल्या छंदांमुळे विक्री उसळली, ती ओसरल्यावर व्याज मात्र तेवढंच राहिलं. पहिल्या दिवाळखोरीनंतर पुरवठादारांनी माल आखडता घेतला, त्यामुळे दोरा, बॅटिंग (गोधडीच्या आत घालायचा मऊ थर) अशा रोजच्या वस्तूच रॅकवरून गायब होऊ लागल्या. एक रीळ घ्यायला आलेली बाई चार वार कापडही घेऊन जाते. रीळच नसेल तर ती कापडाकडे वळत नाही. जानेवारीतल्या अर्जात कर्जाचा आकडा 61 कोटी डॉलरच्या वर आहे.

आता कंपनी लिलावात निघेल. बोली लावणाऱ्यात दुकानं चालवणारा कोणी असला तर काही दुकानं वाचतील. मालाची विल्हेवाट लावणारी संस्था जिंकली तर तुमचं तिसरं दुकानही जाईल. पहिली बोली अशाच एका संस्थेची आहे, म्हणून सगळं बंद होणार असं धरूनच खरेदी करा.

गिफ्ट कार्डं या आठवड्यात संपवा. कार्ड म्हणजे तुम्ही कंपनीला दिलेलं बिनतारणाचं कर्ज. दिवाळखोरीत आधी तारण घेतलेल्या सावकारांचे पैसे फिटतात, तुमच्यासारख्यांचा नंबर फार मागे लागतो. शिल्लक 3 डॉलर असली तरी सुयांचं पाकीट घ्या, कार्डावर ठेवू नका.

---

बॉबिनकेस (15 फेब्रुवारी 2025)

सेलबद्दल. बंद होणाऱ्या दुकानात सहसा कूपन चालत नाही आणि माल परत घेत नाहीत. सुरुवातीची सवलत 10–20 टक्के असते आणि ती छापील किमतीवर. जोअ‍ॅनमध्ये छापील किमतीत फारसं कोणी घेतच नव्हतं. 14.99 डॉलर वारचं कापड 20 टक्के सवलतीने 11.99 ला पडतं. तेच चालू दुकानात 40 टक्क्यांच्या कूपनने 8.99 ला मिळायचं. म्हणजे 'दुकान बंद' ही पाटी वाचून धावलात तर 3 डॉलर जास्त द्याल. तुमच्या तिसऱ्या दुकानात कूपन चालतंय तोवर कापड तिथून घ्या.

पण सवलत वाढायची वाट सगळ्याच वस्तूंसाठी बघता येत नाही. आधी संपतात त्या वस्तू: पांढरा, काळा, क्रीम दोरा, मशीनच्या सुया, चिकट कॅनव्हास (गळा ताठ राहावा म्हणून आतून इस्त्रीने चिकटवायचा), बॅटिंग, कात्र्या, रोटरी कटरची (चाकासारखं फिरणाऱ्या कापणीची) पाती. या 20 टक्क्यांना मिळाल्या तरी उचला. शेवटपर्यंत उरतं ते सणासुदीच्या छापाचं सुती कापड, फ्लीस (उबदार लवदार कापड), सजावटीचं सामान.

ब्लाउजचा हिशेब, 44 इंच पन्ह्यावर (कापडाच्या रुंदीवर): छाती 36 पर्यंत आणि बाही 6 इंचांपर्यंत असेल तर अस्तर 1 वार. बाही कोपरापर्यंत असेल तर सव्वा वार, छाती 40 च्या वर असेल तर दीड. इथला वार 36 इंचांचा, म्हणजे 91.44 सें.मी. 'एक मीटर लागतं' हे डोक्यात ठेवून एक वार घेतलं की जवळजवळ साडेतीन इंच कमी पडतात, आणि नेमकी बाहीच अडते. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटतं, म्हणजे वारामागे एक ते पावणेदोन इंच. अस्तर न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर अस्तर आटतं, वरचं रेशीम आटत नाही, आणि पाठीवर चुण्या पडतात. उसवण्याखेरीज त्यावर इलाज नाही.

आपलं टू बाय टू रुबिया (अस्तराचं पातळ सुती कापड) इथे त्या नावाने मिळत नाही. त्याच्या सगळ्यात जवळचं कापड म्हणजे बॅटिस्ट किंवा लॉन. ब्रॉडक्लॉथ (साधं, घट्ट विणीचं कापड) घ्यायचंच असेल तर लेबल वाचा: बरंचसं पॉलिएस्टर-कॉटन मिश्रण असतं, घामाला वाईट. लेबल फाटलेलं असेल तर कडेचे चार धागे काढून सिंकवर चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो आणि त्याची राखाडी, मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक काळा मणी होतो. मिश्रणात दोन्ही खुणा दिसतात. कोना कॉटन (एकरंगी सुती कापडाचा ब्रँड) हे चांगलं कापड आहे, पण अस्तराला जाड. ते गोधडीसाठी ठेवा.

चिकट कॅनव्हास: गळ्याला पेलॉन कंपनीचं एसएफ 101 बरं. त्याचा पन्हा फक्त 20 इंच असतो, म्हणून एका ब्लाउजला अर्धा वार धरा. घरी आल्यावर लगेच 4 इंचांचा तुकडा नको असलेल्या कापडावर लावून बघा: ओलसर फडकं, इस्त्री लोकरीच्या खुणेवर, 10–15 सेकंद दाबून धरायचं, इस्त्री सरकवायची नाही. गार झाल्यावर कोपरा उचलून बघा. सहज सुटला तर डिंक जुना झालाय, गळ्यावर फुगे येणार.

इलॅस्टिक सेलमध्ये घेऊ नका, निदान तपासल्याशिवाय. दुपटीने ताणून सोडा. कुरकुर आवाज आला किंवा मूळ लांबीला परत आलं नाही तर रबर गेलंय. दोऱ्याचं एक फूट टोक दोन्ही हातांनी ओढा. सहज तुटला तर रॅकवर वर्षानुवर्षं पडून असणार.

---

गोधडीवाली_टेक्सास (16 फेब्रुवारी 2025)

गोधडीचं मी सांगते. बाळगोधडी 36 × 45 इंच धरा. खालच्या कापडाला चारही बाजूंनी 2 इंच जादा, म्हणजे 40 × 49. 44 च्या पन्ह्यात कडा सोडून 42 इंच उरतात, त्यामुळे दीड वारात जोड न देता भागतं. बॅटिंगचं 45 × 60 चं क्रिब मापाचं पाकीट पुरतं.

मोठी गोधडी (60 × 72) करायची असेल तर बाजू जास्त सोडा, 4 इंच, कारण टाचताना थर सरकतात. म्हणजे 68 × 80. साध्या पन्ह्याचे 68 इंचांचे दोन तुकडे आडवे जोडायचे, एकूण 4 वार. 108 इंच पन्ह्याचं खास अस्तर मिळालं तर तेच काम 2 वारात होतं आणि मध्ये शिवण येत नाही. सेलमध्ये ते दिसलं तर वारामागे दुप्पट किंमत असली तरी घ्या.

बॅटिंगच्या पाकिटावर टाक्यांच्या दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते छापलेलं असतं. कुठे 4 इंच, कुठे 8. आपला धावदोरा बोटभर अंतरावर येतो, त्यामुळे कोणतीही चालते. पण हाताने घालायचा असेल तर स्क्रिम असलेली बॅटिंग टाळा. स्क्रिम म्हणजे आतली पातळ जाळी, सुई त्यात अडते आणि बोटं दुखतात. मशीनवर मात्र तीच बरी, ताणली जात नाही.

---

काठपदर_क्लीव्हलंड (16 फेब्रुवारी 2025)

गोधडीवाली ताई, बॉबिनकेस, हिशेबवही, तिघांचे आभार. कार्डं आज संपवली. मुंबईहून एकजण महिन्याभरात येते आहे. तिला काय आणायला सांगू?

---

बॉबिनकेस (16 फेब्रुवारी 2025)

मंगलदास मार्केटमधून टू बाय टू अस्तर. वजन कमी, त्यामुळे पाच-सहा रंग सहज येतात. पुण्याहून कोणी येत असेल तर रविवार पेठेतून लेस, पायपिंगची दोरी, ब्लाउजचे हुक, लटकनं. साडीचे फॉल आणायचे तर सुती. लावण्याआधी तासभर पाण्यात भिजवून, वाळवून इस्त्री करायची, नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि साडीची कड गोळा होते.

सुया मात्र तिथून आणताना जपून. इथल्या घरगुती मशीनला चपट्या बाजूची सुई लागते: एचएएक्स1, तीच 15एक्स1, तीच 130/705एच. शिंप्याच्या जलद मशीनची डीबीएक्स1 गोल दांडीची असते. ती घरगुती मशीनमध्ये बसल्यासारखी वाटते, पण डोळा तिरका राहतो, टाके सुटतात आणि सगळे मशीनला दोष देतात. अस्तराला 11 नंबर, कोनासारख्या कापडाला 14.

---

हिशेबवही (25 फेब्रुवारी 2025)

लिलाव झाला. जीए ग्रुप (मालाची विल्हेवाट लावणारी संस्था) आणि सावकारांनी मिळून बोली जिंकली. सगळी दुकानं बंद होणार, यादीत नसलेलीसुद्धा. गिफ्ट कार्डं 28 फेब्रुवारीपर्यंतच चालतील, ज्यांची उरली असतील त्यांनी तीन दिवसांत वापरा.

अजून एक. जोअ‍ॅनच्या नावाने खोट्या वेबसाइट फिरताहेत, 80–90 टक्के सवलत, मशीन 30 डॉलरला वगैरे. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीवर टिचकी मारून कार्ड नंबर देऊ नका. पत्ता स्वतः टाइप करून बघा.

---

गोधडीवाली_टेक्सास (7 जून 2025)

दुकानं 31 मेपर्यंत बंद झाली. परवा मायकल्सने (हस्तकलेच्या सामानाची साखळी) जोअ‍ॅनचं नाव आणि तिचे स्वतःचे ब्रँड घेतल्याचं जाहीर केलं, बिग ट्विस्ट लोकर त्यातच आली. दुकानं घेतलेली नाहीत. 1943 साली तुमच्याच क्लीव्हलंडमध्ये सुरू झालेलं दुकान होतं ते. कापडाचीच हँकॉक साखळी 2016 ला गेली, फॅब्रिक डॉट कॉम ही वेबसाइट 2022 ला, आणि आता हे. छोट्या गावात राहणाऱ्या बाईला कापड हातात धरून बघायला जागा उरली नाही, याचं फार वाईट वाटतं.

आता कुठून: हॉबी लॉबी या छंदसामानाच्या साखळीत कापड वारावर मिळतं (रविवारी बंद). गावातल्या क्विल्टच्या दुकानात वाराला पैसे जास्त पडतात, पण सुत चांगलं असतं. दोरा, हुक, चेन, कॅनव्हास यासाठी न्यूयॉर्क राज्यातलं वावॅक, ते शिंप्यांनाच माल पुरवतात. न्यूजर्सीचा ओक ट्री रोड, शिकागोचा डेव्हन अ‍ॅव्हेन्यू, ह्यूस्टनचा हिलक्रॉफ्ट, असा भारतीय बाजार जवळ असेल तर अस्तरासाठी तिथे आधी विचारा.

ऑनलाइन घेताना फोटोवर जाऊ नका, वजन बघा. अमेरिकेत ते चौरस वारामागे औंसात देतात. 34 ने गुणलं की जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम). कोना 4.35 औंस, म्हणजे 147 च्या आसपास. अस्तराला 60 ते 80 हवं, म्हणजे सुमारे 1.8 ते 2.4 औंस. 4 औंसांचं 'सॉफ्ट कॉटन' अस्तर म्हणून मागवलं तर काखेत गोळा होईल. एक-दोन डॉलर देऊन आधी नमुना मागवा, तो धुवा, आणि वहीत पिन लावून शेजारी वजन, पन्हा, दुकान लिहून ठेवा. वर्गातल्या सगळ्याजणींनी एकच वही ठेवली तर नमुन्यांचे पैसेही वाटले जातील.