मदत हवी आहे: सहा सेशन झाले, नुसतं बोलून पोटात काय बदलणार?

धरमपेठ_उत्तर: बहीण, वय १९. ईटिंग डिसऑर्डरसाठी (खाण्याशी जोडलेला मानसिक आजार) सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायची बोलण्याची थेरपी, सुरू आहे. दोन पोळ्यांतच "पोट टम्म झालं" म्हणते. थेरपिस्ट जेवणाची वही भरायला लावतात, दर आठवड्याला काट्यावर उभं करतात. यानं मेंदूत खरंच काही होतं, की थेरपिस्ट बदलू? लवकर सांगा.

काहून_बाप्पा: ॲनोरेक्सिया (उपाशी राहणं) की बुलिमिया (खूप खाऊन मग उलटी)? उंची, वजन? उलट्या?

धरमपेठ_उत्तर: वजन ठीक आहे. प्रश्न थेरपीचा आहे.

वहीवाला: टम्म होणं नाटक नाही. बरेच दिवस तुटपुंजं खाल्लं की जठर सावकाश रिकामं होतं. नियमित खाण्यानं ते सुधारतं, पण आठवडे जातात. तोवर जेवायचं ते भूक बघून नाही, घड्याळ बघून. ३ जेवणं, २-३ वेळा मधलं खाणं, ४ तासांच्या वर खंड नको. खंड पडला की रात्री डबे रिकामे होतात.
वही खाल्ल्याबरोबर भरायची, रात्री आठवून भरलेली वही रद्दीत. पोळीआधी तिनं भाकीत लिहावं: "ही खाल्ली तर किलोभर वाढेन." मग आठवड्याचा काटा बघायचा. भाकीत खोटं ठरलं की मेंदू नवं शिकतो. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी आठवण तयार होते. म्हणून फक्त घरच्या पोळीवर थांबू नका. तर्री-पोहे, समोसा, लग्नातलं ताट, सगळं करून बघायचं. रोज वजन करू नका, मीठ-पाण्यानंच काटा हलतो. ४ आठवड्यांचा कल बघा.

संत्राबर्फी: अनुलोम-विलोम आणि सकाळी ताक. पोट साफ तर मन साफ.

वहीवाला: बद्धकोष्ठतेचं कोणी विचारलं बाप्पा?

मिहानरोड: वही-बिही नंतर. मॉड्सली पद्धत धरा, म्हणजे जेवणाचा ताबा घरच्यांकडे, ताट आईनं वाढायचं. १९४४-४५ च्या मिनेसोटा प्रयोगात ३६ धडधाकट पुरुषांना अर्धपोटी ठेवलं तर तेही दिवसभर जेवणाचाच विचार करायला लागले. उपाशी मेंदूला काय समजावणार?

वहीवाला: उपाशीपणाचं मान्य. पण मॉड्सली मुळात किशोरवयीनांसाठी. १९ वर्षांच्या मुलीचा होकार लागेल.

धरमपेठ_उत्तर: वाद नको. उलट्या करते, आठवड्यात चार-पाचदा. चक्करही येते, पण ऊन किती आहे!

काहून_बाप्पा: हे पहिल्या ओळीत हवं होतं ना भाऊ! उन्हावर ढकलू नको. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचा ठोका बिघडतो. वजन ठीक असलं तरी. आजच सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, ईसीजी. नाडी तिला झोपवून आणि उभं करून, दोन्ही वेळा मोज. उलटीनंतर लगेच ब्रश नको, आम्लानं मऊ पडलेलं दाताचं आवरण झिजतं. नुसती चूळ.

संत्राबर्फी: पोटॅशियमला संत्र्याचा रस!

काहून_बाप्पा: रसानं ईसीजी निघत नाही.

धरमपेठ_उत्तर: पोटॅशियम २.९. लॅबवाला म्हणे, उद्या डॉक्टरला दाखवा.

काहून_बाप्पा: एवढं कमी? उद्या नाही, आत्ता. नागपूरची मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं, जे जवळ पडेल त्याची कॅज्युअल्टी. गाडी तिला चालवू देऊ नको. जुलाबाच्या गोळ्या घेते का, तेही तिथे सांग. इथे नंतर लिही.