हॉल गावाचा, मग किल्ली कोणाकडे?

लाखांदूरकडचा
परवा इथंच एका भाऊंनी लिहिलं : "गावाच्या मालकीचं म्हणजे कोणाच्याच मालकीचं नाही. नाट्यमंडळांनी हॉल बांधायच्या भानगडीत पडू नये. बांधलाच तर बिछायतवाल्याला (मंडप-खुर्च्या-भांडी भाड्यानं देणाऱ्याला) ठेक्यानं देऊन मोकळं व्हावं." चाळीस लाईक पडले. त्याच पोस्टखाली उत्तर लिहीत होतो, ते लांबत गेलं म्हणून हा वेगळा धागा.

भाऊ, मंडईच्या म्हणजे आमच्या गावजत्रेच्या दिवशी वडशाची नाटक कंपनी आणायची, रात्री दहाला पडदा, उजाडेपर्यंत नाटक, सकाळी चहासोबत हिशेब. उरलं तर उरलं, पाऊस आला तर पदरचे. हे आमच्या गावात माझ्या आज्यापासून सुरू आहे. कोणाच्याच मालकीचं नव्हतं तर इतकी वर्षं केलं कोणी?

त्याच शिलकीतून आम्ही जागा घेतली. घरटी एक वाटा. पैसा नाही त्यानं धानाचं पोतं दिलं, पोतं नाही त्यानं ८ दिवस विटा-रेती वाहिली. रंगमंच दोन्हीकडून उघडतो. छोटा कार्यक्रम असला की पडदा आत, मंडईला मैदानाकडे. सरकारी पैसा मुद्दाम घेतला नाही. बाजूच्या गावात आमदार निधीचं समाजमंदिर आहे, बाहेर पाटी चकचकीत अन् आत तणीस (धानाचा पेंढा) भरलेली.

ठेक्यानं दिला की मंडईच्याच तारखेला लग्न बुक होणार, कारण लग्नवाला जास्त देते. मग नाटक काय शेताच्या धुऱ्यावर करायचं?

सरळसोट
ती पोस्ट माझीच. नाव घ्यायला लाजू नका.

मी आमच्या गावच्या हॉलचा ६ वर्षं खजिनदार होतो. तुम्ही किती वर्षं होता ते सांगा, मग बोलू. बांधेपर्यंत सगळे मालक. लाईट बिल आलं की मी एकटा मालक. अवकाळीत १४ पत्रे उडाले, पत्रे गोळा करायला मी अन् माझा पोरगा. बाकीचे उभे राहून सांगत होते, 'तिकडं एक पडला पाहा.' भाडं मागितलं तर 'आमच्या बापानं इथं विटा वाहिल्या.' अरे, बापानं वाहिल्या ना, त्यानं वीज फुकट होते का? बाहेरगावचा माणूस पूर्ण भाडं देते, वर 'धन्यवाद जी' म्हणते. गावचा म्हणते लिहून ठेवा. ती वही अजून माझ्या घरी आहे. कोणाला पाहिजे असेल तर घेऊन जा.

कागदवाला
दोघांनीही कागदाचं काहीच सांगितलं नाही. मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली अन् १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलं आहे का? जागा मंडळाच्या नावानं आहे की कोण्या एका काकाच्या? काका गेले की त्यांची पोरं वारस म्हणून उभी राहतात, हे मी तीन गावांत पाहिलं. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल द्यावा लागते. आमच्या मंडळाच्या नोंदीत ७ नावं आहेत, त्यातली ४ देवाघरी.

ठेक्याचं म्हणाल तर विश्वस्त संस्थेची इमारत ३ वर्षांपर्यंत परवानगीशिवाय भाड्यानं देता येते. त्यापुढं धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. म्हणजे सरळसोटभाऊंची आयडिया बेकायदा नाही. वाईट आहे, ते वेगळं.

अन् रात्री दहाला पडदा म्हणता, तर २००० चे ध्वनी नियम वाचा. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. सणासुदीला सरकारनं सूट दिली तर १२ पर्यंत, तीही वर्षाला १५ दिवसांच्या वर नाही. बंदिस्त सभागृहात आतल्या आत चालते.

लाखांदूरकडचा
म्हणूनच तर हॉल बांधला!

कागदवाला
पत्र्याच्या शेडातला आवाज आत राहते का जी? अन् मंडईला मैदानाकडं पडदा उघडता हे तुम्हीच वर लिहिलं.

रानवाटा
गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव पाहा. गाव एकमतानं निर्णय घेते. २००९ मध्ये १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. आपल्याला एक हॉल चालवता येत नाही?

सरळसोट
आलं मेंढा! पाचशे वस्तीचं गाव आहे ते. एकमत होईपर्यंत बसून राहायची त्यांची तयारी असते. आमच्या गावात सभेला कोरम होत नाही, अन् झाला तर मारामाऱ्या होतात.

दोन_गंज
हॉलचं राहू द्या. हॉल कुठं पळून जात नाही. गावाच्या भांड्यांचं बोला.

आमच्या मंडळानं ११ गंज (मोठी पातेली), ६ पराती, २ मोठ्या कढया अन् दीडशे ताटं घेतली होती. आज गंज ५ आहेत. एक मी स्वतः पाहिला, एका सभासदाच्या गोठ्यात, म्हशीचा कोंडा भिजवायला. विचारलं तर म्हणे, 'तेरवीला नेला होता, परत करायचाच आहे.' तेरवी कोणाची? त्याच्या आज्याची. आज्याला जाऊन ४ वर्षं झाली.

बिछायतवाला
मी बिछायतवाला आहे. वरून वाचत येऊन राहिलो, आमचा उल्लेख चोर असल्यासारखा आहे. मंडळाचे गंज फुकट, मग माझे कोण नेणार? खुर्च्या मात्र माझ्याच पाहिजेत, अन् त्या नाटकाच्या रात्री उधारीवर! मागच्या मंडईत ३०० खुर्च्या दिल्या, २८१ परत आल्या. उरलेल्या १९ कोणाच्या अंगणात आहेत ते मला माहीत आहे. मी बोलत नाही, कारण त्याच घरचं लग्न फाल्गुनात आहे.

दोन_गंज
डिपॉझिट घेत जा ना मग.

बिछायतवाला
सरपंचाच्या भावाकडून डिपॉझिट मागून दाखवा, मी गावजेवण देतो. गंजही माझेच.

अंगणातून
पुरुषांनी भांड्यांवर एवढं लिहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

आमच्या गावी भांडी बचत गटाकडं आहेत. मोजून देतो, मोजून घेतो, ५०० रुपये आधी. सरपंचाच्या घरूनही घेतले. त्याच्या बायकोनंच आणून दिले, तिला नियम कळते. ३ वर्षांत एक झारा हरवला, तो विहिरीत सापडला. पण हे वाचून 'व्वा ताई' म्हणू नका. हॉलच्या समितीत एकही बाई नाही. झाडायचं, घासायचं, राखायचं आमच्याकडं अन् किल्ली अध्यक्षाच्या करदोट्याला. गेल्या वर्षी हळदी-कुंकवाला हॉल मागितला तर अध्यक्ष शेतावर. किल्लीसह. आम्ही पायऱ्यांवर वाण वाटलं.

सरळसोट
ताई, हेच तर मी सांगून राहिलो. ठेकेदार असता तर हॉल उघडला असता.

अंगणातून
ठेकेदारानं भाडं मागितलं असतं, भाऊ. आम्ही पायरीवरच बसलो असतो.

वस्तीवरून
घरटी एक वाटा म्हणता. आमच्या वस्तीनंही वाटा दिला, माझ्या बापानं ८ दिवस रेती वाहिली. पण १४ एप्रिलला हॉल मागितला की दरवर्षी लग्न बुक असते. तीन वर्षं मी लग्नघरी विचारून आलो. दोनदा लग्न मंगल कार्यालयात होतं. हे गाव कोणतं ते सांगत नाही, पण लाखांदूरकडच्या भाऊंनी आपली बुकिंग वही एकदा उघडून पाहावी.

कागदवाला
यावर गंजवाल्यांचं काय म्हणणं आहे?

दोन_गंज
म्हशीवरून इथं कसे आलो कळत नाही.

लाखांदूरकडचा
वही उघडली. उत्तर द्यायला दोन दिवस लागले ते त्याच्यामुळं.

वस्तीवरचे भाऊ, तुमचं गाव आमचंच आहे का माहीत नाही. असेल तर मागच्या वर्षीच्या १४ तारखेपुढं जे नाव लिहिलं आहे, त्यांच्या घरी लग्नाचं पोरगं नाही. मी सचिव आहे. मी नजर टाकली नव्हती, हेही तितकंच खरं. मंडईचा दिवस जसा वहीत कायमचा अडवलेला आहे, तसा १४ एप्रिल आजच माझ्या हातानं लिहिला. अध्यक्ष चिडतील, चिडू द्या.

किल्ल्या दोन करतो. दुसरी गटाकडं. सरळसोटभाऊ, तुमच्या १४ पत्र्यांचं वाईट वाटलं. ठेका तरीही देणार नाही, मंडईच्या तारखेवर अजून तुमचं उत्तर आलं नाही.

सरळसोट
देतो. करारात मंडईचा दिवस वगळायचा, एवढंच. पण तुमच्याकडं स्वतःची चूक कबूल करणारा सचिव आहे, तर चालवा बापा. आमच्याकडं तसा माणूस मीच होतो, म्हणून काढला.

लाखांदूरकडचा
अन् आमचेही २ गंज कमी भरले. ज्याच्याकडं असतील त्यानं रात्री हॉलच्या पायरीवर ठेवून द्यावे, कोणी विचारणार नाही.

बिछायतवाला
कडी तुटलेला मोठा गंज तुमचा आहे का? तो माझ्या गोदामात आहे. १९ खुर्च्या पाठवा, मग बोलू.