होडीचं ९.९ एचपीचं आउटबोर्ड मशीन स्लोवर मिसिंग मारतंय, सल्ला हवा

कर्लीकाठ:
मंडळी, देवबागला काकांची सोळा फुटी फायबरची होडी आहे. कर्लीच्या खाडीतच फिरवतो, बाहेर समुद्रात नेत नाही. मागे ९.९ एचपीचं टू स्ट्रोक मशीन, दोन सिलिंडर, एकच कार्ब्युरेटर, दोरीने ओढायचं. मे अखेरीला होडी वर घेतली, मशीन खोपीत टांगून ठेवलं. नारळी पौर्णिमा झाल्यावर परत लावलं तर नखरे सुरू.

थंड असताना पाच-सहा ओढण्यांत चालू होतं. स्लोवर आणलं की घरघरतं, ठोके चुकवतं, आख्खी होडी थरथरते आणि गिअर टाकला की बंद. पण कशीबशी रेस मिळाली की मग सुसाट! मशीन थंड करणाऱ्या पाण्याची धार मागून व्यवस्थित येते.

मेकॅनिकने झाकण काढून दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, कार्ब्युरेटर नवा घालू, ठिणगीची कॉइलही बदलू, १४ हजार. काका म्हणतात विकून टाक. खर्च करू का? की आधी घरी काही बघण्यासारखं आहे?

तंगूस:
मेल्या, टाकीत पेट्रोल खयचा हा? मे म्हयन्यातला काय?

कर्लीकाठ:
हो, अर्धी टाकी तेच होतं. वर पाच लिटर ताजं घातलं.

तंगूस:
झाला मगे. कॉइल बिइल मागसून बघ.

पुण्याचा_खलाशी:
प्लग बदल आणि ऑईल जरा जास्त घाल. माझ्या जुन्या टू स्ट्रोक स्कूटरला हाच त्रास होता, दोनशे रुपयांत काम झालं.

जुनी_होडी:
प्लग बदलायला हरकत नाही, पण ऑईल वाढवू नका. ऑईल जास्त झालं तर प्लग काळे-ओले होतात आणि स्लोवर मिसिंग आणखी वाढतं. पेट्रोल-ऑईल ५०:१ चं मशीन असेल तर लिटरमागे २० मिली, २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. मापाने घाला. आणि स्कूटरचं ऑईल नको, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं पाहून घ्या. ही मशीनं खाडीच्या पाण्यावर थंड होतात, त्यांचं ऑईल वेगळं.

आता मूळ दुखणं. रेसला सरळ आणि स्लोला आजारी, हे वाचूनच मी कॉइलचा नाद सोडला असता. कॉइल गेली की सहसा जोर लावल्यावर किंवा मशीन तापल्यावर जास्त रडते. स्लोसाठी कार्ब्युरेटरमध्ये वेगळी वाट असते, केसाएवढ्या भोकाची. पेट्रोल दोन-अडीच महिने कार्ब्युरेटरच्या वाटीत सुकलं की त्याची चिकट साय बनते आणि सगळ्यात आधी तीच वाट बुजते. मोठा जेट, म्हणजे रेसचं पेट्रोल सोडणारं मोठं भोक, मोकळाच राहतो, म्हणून तुमचं मशीन पळताना शहाणं वाटतं.

पण माझ्या बोलण्यावर कार्ब्युरेटर उघडू नका. आधी चार गोष्टी करा, पाना फारसा लागत नाही.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सोडलेला आहे ना? हसू नका. हा बंद राहिला की मशीन दहा-पंधरा मिनिटं चालतं आणि मरतं. तुमची लक्षणं तशी नाहीत, तरी बघा.

मग टाकीच्या तळातलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा आणि अर्धा तास उन्हापासून लांब, हलवू न देता ठेवा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून तळाशी जाऊन बसतात. टाकीतला नळा नेमका तळातूनच ओढतो. बाटलीत खाली वेगळा थर दिसला तर वर ताजं घालून भागणार नाही, सगळं काढून टाका. खाडीत ओतू नका म्हणजे झालं.

तिसरं, मशीन होडीवर चालू असताना, ठोके चुकायला लागले की पाइपातला रबरी फुगा दाबत राहा. सुधारलं तर पेट्रोल पोचत नाहीये: पंपाचा पडदा, पाइपाच्या कनेक्टरमधली रिंग नाहीतर फिल्टर. दाबून फरक नाही, पण चोक थोडा ओढल्यावर मशीन गोड चालतं, तर ती बुजलेली स्लोची वाट.

चौथं, ठिणगी. मशीन बंद करून वरच्या प्लगची टोपी काढा, ती टोपी धातूला टेकेल अशी बांधा, चालू करून ऐका. मग खालच्याची. एक टोपी काढल्यावर आवाजात काहीच फरक पडला नाही तर तोच सिलिंडर काम करत नव्हता. चालू मशीनवर टोपी उपटायची मर्दुमकी नको, झटका जोराचा बसतो. वरचं चाकही उघडं असतं, शर्टाच्या बाह्या सांभाळा.

हे सगळं पाण्यातच. बाहेर घ्यायचं तर ड्रम घ्या, पंख्याच्या वरच्या पट्टीवर पाणी येईल एवढा भरा आणि ड्रममध्ये गिअर टाकू नका. सुकं चालवलंत तर पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर काही सेकंदांत जातो.

कर्लीकाठ:
शनिवारी दुपारी बसलो. हवेचा स्क्रू सोडलेलाच होता. बाटलीत तळाशी बोटभर धुरकट थर, वर निळसर पेट्रोल! काका बघतच राहिले. सगळं काढलं, टाकी धुऊन सुकवली, ताजं मापाने बनवलं. तरी स्लोला तेच.

फुगा दाबून काही फरक नाही. कुठलीही टोपी काढली तरी मशीन सारखंच मान टाकतं. चोक अर्धा ओढला आणि एकदम मऊ! चोक आत ढकलला की परत घरघर.

जुनी_होडी:
म्हणजे ठिणगी दोन्हीकडे आहे, पेट्रोल पोचतंय, फक्त स्लोला कमी पडतंय. आता उघडा. बॅटरी-बिडी लांब, हवा खेळती असू द्या. काढायच्या आधी प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. मिक्श्चरचा (स्लोचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत बसवा आणि किती फेरे आत गेला ते मोजून लिहून ठेवा.

जेट साफ करायला स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की तो जेट गेला. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा, नंतर हवा. फारच अडलं तर तंगूसचा, म्हणजे गरीच्या नायलॉन दोऱ्याचा, बारीक तुकडा.

तंगूस:
माझा नाव घेतल्याबद्दल आभारी.

कर्लीकाठ:
कार्ब्युरेटरच्या वाटीत तळाला हिरवट पांढरी खपली, नखाने खरवडली तर पावडर निघाली. फ्लोट ठीक. मोठा जेट उजेडात धरला तर गोल भोक स्पष्ट दिसलं. छोट्यातून काहीच दिसेना. दोनदा फवारा मारून अर्धा तास ठेवला, मग ०.२० मिमीचा तंगूस आरपार गेला आणि सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. त्यावेळी काकांनी पहिल्यांदा "विकू नको" म्हटलं.

गोंधळ एकच, मिक्श्चरचा स्क्रू मोजायचा राहिला. आता मशीन चालतंय, पण स्लोला किंचित डुलतंय.

जुनी_होडी:
हे सगळेच विसरतात. हलक्या हाताने पूर्ण आत, दाबू नका, आतली सुई चेपते. मग दीड फेरा बाहेर, ही सुरुवात. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मशीन गरम करा, स्लोवर पाव-पाव फेरा फिरवत जा आणि दर वेळी दहा सेकंद थांबा. आवाज सगळ्यात सरळ लागतो तिथून थोडा बाहेर सोडा, म्हणजे गिअर टाकताना झटका खाणार नाही.

कर्लीकाठ:
पावणेदोन फेऱ्यांवर बसला. काल भोगव्याच्या बाजूला जाऊन आलो, स्लोवर गरी टाकून तासभर फिरलो, एकदाही बंद नाही. खर्च: क्लीनर, दोन प्लग, वाटीची रिंग, मिळून हजाराच्या आत. मेकॅनिकला फोन करून नको म्हटलं, तो म्हणाला "परत येशील".

जुनी_होडी:
पुढच्या मेमध्ये गोड्या पाण्यावर मशीन चालवून धुऊन घ्या आणि चालू असतानाच पेट्रोलचा पाइप काढून आपोआप बंद होऊ द्या. वाटी रिकामी राहिली की साय धरायला काही उरत नाही. आणि इंपेलर शेवटचा कधी बदलला होता?

कर्लीकाठ:
काकांना विचारलं. ते म्हणतात, "तो काय असता?"