‘मध्यस्थ’ पाणी की ‘दुवा’ पाणी? एक शब्द अडलाय

बारावीच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितेय, प्रथिनं डीएनएवरचा नेमका क्रम कसा ओळखतात यावर. काही ठिकाणी डीएनएच्या ‘मोठ्या खोबणीत’ (दोन धाग्यांमधल्या रुंद चरात) प्रथिन आणि डीएनएचा बेस (ए, टी, जी, सी यांपैकी एक अक्षर) एकमेकांना थेट भिडतच नाहीत, मधे पाण्याचा एखादा रेणू असतो आणि हायड्रोजन बंध त्याच्यामार्फत जुळतात, तर त्या पाण्याला काय म्हणू? ‘मध्यस्थ’ लिहिलं होतं पण मध्यस्थ म्हटलं की मला लग्न जुळवणारा माणूस दिसतो, एकदा जुळलं की त्याचं काम संपलं, आणि हे पाणी तर तिथेच बसून राहतं. उदाहरण ट्रिप रिप्रेसरचं घेतलंय. ई. कोलाय या जिवाणूमध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल पुरेसं झालं की हे प्रथिन त्याला धरून डीएनएवर ठराविक जागी बसतं आणि ट्रिप्टोफॅन बनवणारे जीन बंद करतं. १९८८ मध्ये सिग्लरच्या गटाने याची स्फटिकरचना काढली तर क्रमाची ओळख समजावेल असे थेट बंध सापडलेच नाहीत, बेसपर्यंत पोचत होतं ते पाण्यातून.

—

‘दुवा’ घ्या. साखळीतली कडी, ती काढली तर साखळीच राहत नाही. अर्थ चपखल बसतो.

—

दुवा छानच आहे पण मध्यस्थ इतक्यात टाकू नका. मूळ अर्थ नुसता ‘मधे असलेला’, लग्नाबिग्नाचा, भांडण मिटवण्याचा अर्थ नंतर चिकटला. माझी अडचण वेगळीच आहे. १९९४ मध्ये शाकेद आणि सहकाऱ्यांनी प्रथिन नसलेल्या नुसत्या डीएनएची रचना पाहिली, तर तेच पाणी त्याच जागी आधीपासून होतं! बेसच्या कडेवर हायड्रोजन कुठे द्यायचाय कुठे घ्यायचाय यावर पाण्याची जागा ठरते, म्हणजे क्रम बदलला की पाण्याची मांडणीही बदलणार. मग हा तिऱ्हाईत कसला, हा तर डीएनएच्या घरचाच माणूस, आणि प्रथिन त्याच्यावरून घर ओळखतंय. दुवा म्हटलं की ही बाजू कळत नाही, म्हणून मी तरी सरळ ‘डीएनएला धरून बसलेलं पाणी’ असं लिहीन, लांबलं तर लांबलं.

—

सगळीकडे पाणी मधे राहतंच असंही नाही हां. इकोआरआय हे डीएनए कापणारं प्रथिन जीएएटीटीसी हा क्रम कापतं, ते चुकीच्या क्रमावर सैल बसलेलं असताना मधे बरंच पाणी अडकलेलं असतं, सिडोरोवा आणि राऊ यांनी १९९६ मध्ये मोजलं तर बरोबर क्रमापेक्षा साधारण ११० रेणू जास्त. नेमकी जागा मिळाली की ते बाहेर पडतं. याला ‘निथळणं’ म्हणा ना, ‘निर्जलीकरण’ म्हटलं की पोरांना उन्हाळ्यातले जुलाब आठवतात.

आणि ‘मोठी खोबण’ का लिहिताय? खोबण डोळ्याची, खोलगट. डीएनएवरची ती लांब वळत जाते, तिला ‘पन्हळ’ म्हणा, पन्हळी पत्रा सगळ्यांनी पाहिलेला असतो.

—

पन्हळ आणि निथळणं दोन्ही घेतले, मनापासून आभार! वाक्य आता असं केलंय: “रुंद पन्हळीत बेसना धरून बसलेलं पाणी हाच प्रथिन आणि डीएनए यांच्यातला दुवा ठरतो.” मध्यस्थ काढला. पण डीएनएच्या दुसऱ्या, अरुंद पन्हळीत जिथे ए-टी जोड्या जास्त असतात तिथे पाण्याची जी सलग रांग बसते तिला ‘पाण्याचा कणा’ चालेल का, की पाठीचा कणा वाटेल?