बरगे टाकूनही बंधारा का आटतो
बरगे, म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्याच्या दारांत बसवायच्या फळ्या, टाकूनसुद्धा डिसेंबरातच बंधारा कोरडा पडतो, असं तुम्ही लिहिलंय. आधी खालचा बरगा बसतो ती तळाची खाच बघा. पुराचे खडे, गाळ तिथं बसतात. खालचा बरगा बोटभर वर राहिला की पाण्याचा सगळ्यात जास्त दाब तिथंच, रात्रंदिवस गळती. सब्बलीनं खाच खरवडून धुवा, कडक झालेलं रबरी सील बदला. बरग्यांच्या दोन रांगांच्या मधे माती भरायची तर ओली करून, थराथरानं धुमसानं ठोका. आपली वऱ्हाडातली काळी माती वाळली की भेगाळते, वरचा थर ओला ठेवाच. पाऊस ओसरला की १५ ऑक्टोबरच्या सुमारास, नाला वाहता असतानाच अडवा. मेअखेर मात्र सगळे बरगे काढाच. राहिले तर पहिल्याच पुरात पाणी काठ फोडून शेजारचं वावर खरडून नेतं.