शटडाऊन दिला तरी पंखा फिरतोच

राजारामपुरीतून: मंडळी, 2014 चा लॅपटॉप, वर विंडोज 10 टाकलेलं. शटडाऊन दिला की स्क्रीन काळी, पण पॉवरचा दिवा चालू आणि पंखा घुं घुं. शेवटी बटण दाबून धरायचं. दुरुस्तीवाला म्हणतोय मदरबोर्ड गेला. खरं असंल काय?

शाहूपुरीतून: भावा, मदरबोर्डाला कशाला हात लावतोस! आधी शिफ्ट दाबून धरून शटडाऊन दे. बंद झाला तर लफडं फास्ट स्टार्टअपचं, म्हणजे लॅपटॉप लवकर उघडायच्या सोयीचं. त्यात विंडोज पुरतं बंद होतच नाही, कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, डिस्कवर जपून ठेवतं आणि जुने ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) तिथंच अडकतात. कंट्रोल पॅनेलात पॉवर ऑप्शन्स, तिथं पॉवर बटणांचं सेटिंग, फास्ट स्टार्टअपची टिक काढ. टिक पुसट दिसली तर वरच्या निळ्या ओळीवर क्लिक कर.

कागलहून: तेवढ्यानं नाही भागलं तर इंटेल मॅनेजमेंट इंजिनचा (मदरबोर्डावरच्या इंटेलच्या छोट्या यंत्रणेचा) ड्रायव्हर बघा. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा घ्या, सगळ्यात नवा नको.

राजारामपुरीतून: शिफ्टनं गपकन बंद झाला की! टिक काढली. आता उघडायला जरा वेळ लागतोय, चालतंय.

शाहूपुरीतून: बटण दाबून लई वेळा बंद केलायस, डिस्क एकदा तपासून घे. आणि दुकानाची बिलं असतील तर आजच पेनड्राइव्हवर काढ.